मानवसदृश पात्र कशाला म्हणावे? तंजावरच्या चार दाखल्यांपासून व्हिडिओ गेमपर्यंत

१. प्रस्तावना

व्हिडिओ गेममधील पात्रांची वर्गवारी करायला घेतली की एका रकान्यापाशी नेहमी अडायला होते, आणि तो रकाना असतो ‘मानवसदृश पात्रे’. बूट घालून धावणारा निळा साळिंदरासारखा सॉनिक त्यात बसतो, याबद्दल कोणाचे दुमत नसते. पण पॅक-मॅनमधल्या भुतांचे काय? त्यांना हात नाहीत, पाय नाहीत, ती बोलतही नाहीत. एखाद्या गेममधले खरेखुरे बदक, जे बदकासारखेच चालते पण मुद्दाम लोकांच्या वस्तू पळवते, त्याला कुठे ठेवायचे?

‘माणसासारखे दिसणारे, बोलणारे किंवा वागणारे अमानवी पात्र’ अशी व्याख्या साधारणपणे दिली जाते. या व्याख्येतला ‘किंवा’ हाच अडचणीचा शब्द आहे. दिसणे, बोलणे आणि वागणे या तिन्हींपैकी आवश्यक काय आणि पुरेसे काय, हे ती सांगत नाही. शालेय मराठी व्याकरणात चेतनगुणोक्ती नावाचा अलंकार आपण शिकतो. अचेतन वस्तू सचेतन असल्याप्रमाणे, माणसाप्रमाणे वागते असे वर्णन असले की तो अलंकार होतो. पण अलंकार एका ओळीपुरता असतो. पात्र मात्र कथा संपेपर्यंत किंवा खेळ संपेपर्यंत टिकावे लागते. त्यामुळे पात्रासाठी वेगळी कसोटी हवी.

ही कसोटी शोधण्यासाठी या टिपणात आपण एका प्रदेशाचा इतिहास पाहणार आहोत. तो प्रदेश म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातला तंजावर जिल्हा. येथे १६७५ च्या सुमारास व्यंकोजी (एकोजी) भोसले यांनी मराठी राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. इसवी सन १८०० च्या आसपास या परिसरात मानवसदृश पात्रांचे चार अगदी वेगळे नमुने आढळतात: माणसांच्या आणि प्राण्यांच्या चेहऱ्यांची तुलना करणारी फ्रेंच चित्रे, इसापच्या कथांचे मराठी छापील पुस्तक, पापनाशम तालुक्यातील मेलट्टूर गावचा नरसिंहाचा मुखवटा आणि मराठी बोलणाऱ्या कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या. यांतला प्रत्येक नमुना वरच्या प्रश्नाचे वेगळे उत्तर देतो.

२. पहिला दाखला: चेहरा

तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले होते. १७९९ च्या तहानंतर राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला आणि सरफोजींनी आपले लक्ष विद्या, वैद्यक आणि ग्रंथसंग्रहाकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबर त्यांनी जमवलेली युरोपीय पुस्तके व चित्रेही आहेत. तेथील संग्रहालयात आजही पाहणाऱ्याला थांबवतात ती शार्ल ल ब्रँ या चित्रकाराची चित्रे.

ल ब्रँ (१६१९ ते १६९०) हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार होता. १६७१ साली त्याने पॅरिसच्या कला अकादमीत चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या विषयावर व्याख्यान दिले. त्यासाठी काढलेल्या चित्रांत एका बाजूला प्राण्याचे डोके आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याशी मिळतेजुळते माणसाचे डोके दिसते. घुबड आणि घुबडासारखा माणूस, बैल आणि बैलासारखा माणूस, अशा या जोड्या आहेत. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून रेषा काढून, त्रिकोण आखून, कोन पाहून त्याने स्वभावाची भूमिती मांडण्याचा प्रयत्न केला.

कॅरेक्टर डिझाइन शिकणाऱ्याला ही चित्रे ओळखीची वाटतील. डोळ्यांतील अंतर, कपाळाची उंची, जबड्याचा कोन हे आकडे बदलत गेले की प्राणी माणसाकडे सरकतो आणि माणूस प्राण्याकडे. आजच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सरकवून आपण हेच करतो.

मात्र या दाखल्यातून एक धोकाही दिसतो. ल ब्रँच्या चित्रातला घुबडासारखा माणूस हे प्राण्याचे मानवीकरण नाही. ते माणसावर प्राण्याचा स्वभाव लादणे आहे. चेहऱ्याच्या मोजमापावरून माणसाची बुद्धी किंवा नीती ठरवण्याची ही वाट पुढे एकोणिसाव्या शतकात वंशभेदाच्या तथाकथित शास्त्रापर्यंत गेली. ते शास्त्र खोटे ठरले, पण खलनायकाचे नाक वाकडे आणि डोळे बारीक काढण्याची सवय कार्टूनमध्ये आणि गेममध्ये राहून गेली. म्हणजे केवळ रूपावर आधारलेली व्याख्या अपुरी आहे, आणि निष्काळजीपणे वापरली तर अपायकारकही.

३. दुसरा दाखला: वाचा

याच सरफोजींनी राजवाड्यात ‘नवविद्याकलानिधी’ नावाचा छापखाना काढला. तेथे १८०६ साली ‘बाळबोध मुक्तावळी’ हे पुस्तक देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. सख्खण पंडित यांनी केलेले हे इसापच्या कथांचे मराठी भाषांतर. देवनागरीत छापलेल्या अगदी सुरुवातीच्या मराठी पुस्तकांत त्याची गणना होते. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली निघाली, म्हणजे तंजावरचे पुस्तक तिच्या बावीस वर्षे आधीचे. मराठी छापील पानावर प्राणी बोलू लागले ते कावेरीकाठी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इसापच्या कोल्ह्याचे शरीर कोल्ह्याचेच असते. तो अंगरखा घालत नाही, दोन पायांवर चालत नाही. तरी तो मानवसदृश पात्र आहे यात शंका नाही, कारण तो बोलतो, युक्ती लढवतो आणि फजिती झाली की सबबही शोधतो. इथे रूप शून्य आणि वाचा पूर्ण.

मग वाचा हीच कसोटी मानावी का? महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली एक कथा या उत्तराच्या आड येते. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, ही ती कथा. रेडा बोलला, तेही शुद्ध वेद. पण त्या कथेत रेडा हे पात्र होत नाही. त्याला काही हवे नाही, तो काही ठरवत नाही. वेद म्हटल्याचे श्रेय रेड्याला कोणी देत नाही, ते ज्ञानेश्वरांना जाते. इसापच्या कोल्ह्याच्या लबाडीचा दोष मात्र कोल्ह्यालाच जातो.

इथे आपल्याला पहिली उपयोगी कसोटी मिळते. पात्र बोलते की नाही यापेक्षा, त्याच्या कृतीचे श्रेय किंवा दोष कोणाच्या खात्यावर जमा होतो हे पाहावे. नीतिकथेला शेवटी तात्पर्य जोडता येते, कारण त्यातला प्राणी आपल्या वागण्याला जबाबदार धरलेला असतो.

४. तिसरा दाखला: उंबरठा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना सुमारे २५ किलोमीटरवर पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. याच तालुक्यात मेलट्टूर हे गाव आहे. वैशाखात नरसिंह जयंतीच्या सुमारास तेथे भागवत मेळा होतो. हे रात्रभर चालणारे नृत्यनाट्य केवळ पुरुष सादर करतात. नाटके तेलुगूत आहेत, कारण नायक आणि नंतर मराठा राजांच्या काळात या भागातल्या संगीत-नाट्याची ती मोठी भाषा होती. मेलट्टूरची प्रमुख नाटके वेंकटराम शास्त्री यांनी लिहिली. त्यांचा काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसाव्याचा आरंभ, म्हणजे साधारण सरफोजींचाच.

प्रयोगाच्या आरंभी गणपतीचा मुखवटा घातलेला एक लहान मुलगा नाचत येतो. हत्तीचे डोके आणि माणसाचे शरीर असलेले हे पात्र आपल्या इतके ओळखीचे आहे की ते ‘मानवसदृश प्राणी’ आहे असे आपल्या मनातही येत नाही. ‘प्रल्हाद चरित्रम्’ या नाटकात शेवटी नरसिंह येतो. त्याचा मुखवटा देवळात पूजेत असतो. तो घालणारा नट त्या दिवशी उपवास करतो. मुखवटा चढवल्यावर नटाच्या अंगात देवाचा संचार होतो अशी श्रद्धा आहे, आणि हिरण्यकशिपूसमोर तो उभा राहतो तेव्हा त्याला आवरायला माणसे लागतात.

व्याख्येच्या दृष्टीने नरसिंहाची कथा फार नेमकी आहे. हिरण्यकशिपूला मिळालेला वर म्हणजे एक काटेकोर अटींची यादी होती: माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर त्याने प्रत्येक गोष्टीचे दोनच प्रकार धरले आणि दोन्ही बंद केले. नरसिंह संध्याकाळी उंबरठ्यावर येतो आणि तो माणूसही नसतो, पशूही नसतो. दोन रकान्यांची वर्गवारी जिथे तोकडी पडते, नेमके तिथे तो उभा आहे.

यावरून शिकण्यासारखे असे की मानवसदृशता ही ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी खूण नाही. ती एक पट्टी आहे, आणि सर्वांत परिणामकारक पात्रे त्या पट्टीच्या टोकांना नसून मधे असतात. शिवाय मेलट्टूरमध्ये आणखी एक घटक येतो: पात्राच्या आत एक माणूस आहे आणि ते सर्वांना माहीत आहे. त्या रात्री दोष आणि श्रेय नटाकडे जात नाही, नरसिंहाकडे जाते. त्यासाठी उपवास, पूजा, मुखवट्याची जपणूक अशी मोठी व्यवस्था गावाने उभी केली आहे.

५. चौथा दाखला: सूत्र

तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करणारे परंपरागत कलावंत घरात मराठीची एक बोली बोलतात. मंडिकर या समाजाचे हे लोक नावापुढे ‘राव’ लावतात. मराठा राजवटीबरोबर आपले पूर्वज दक्षिणेत आले, असे त्यांची परंपरा सांगते. खेळ तमिळमध्ये, कथा बहुधा रामायणाची आणि पडद्यामागची आपसांतली बोलणी मराठीत, असा हा तीन पदरी प्रकार आहे. आंध्र आणि कर्नाटकातल्या छायाबाहुल्यांच्या काही कलावंत समाजांतही मराठीची बोली आढळते. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला सांभाळल्या आहेत. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

छायाबाहुली म्हणजे कातड्याची सपाट आकृती. बहुतेक वेळा ती बाजूने दिसते, मोजकेच सांधे हलतात आणि पडद्याच्या एका कडेने आत येऊन दुसऱ्या कडेने जाते. गेममधल्या द्विमितीय स्प्राइटचे वर्णन करायचे झाले तर हीच वाक्ये जवळजवळ तशीच वापरता येतील. माध्यमाच्या मर्यादेतून रूप घडते, हेही दोन्हीकडे समान आहे. पडद्यावर दुरून ओळखू यावे म्हणून बाहुलीचा डोळा मोठा. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांनी मारिओला मिशी दिली, कारण इतक्या थोड्या पिक्सेलमध्ये तोंड काढता येत नव्हते, टोपी दिली, कारण केस काढणे अवघड होते.

पण खरा दुवा हालचालीचा आहे. पडद्यामागे एकच कलावंत हनुमानही हलवतो आणि रावणही, दोघांचे आवाजही तोच काढतो. प्रेक्षक मात्र रागावतो तो रावणावर. म्हणजे इथे श्रेय-दोषाची दोन खाती आहेत: कथेतले वागणे बाहुलीच्या खात्यावर आणि खेळ रंगला की फसला ते कलावंताच्या खात्यावर. व्हिडिओ गेममध्ये यात तिसरे खाते उघडते. सूत्र प्रेक्षकाच्याच हातात येते.

६. व्हिडिओ गेममध्ये ही कसोटी लावून पाहू

आता चारही दाखले हाताशी धरून गेमच्या इतिहासातले काही टप्पे पाहू. प्रत्येक वेळी प्रश्न एकच: या पात्राला दोष देता येतो का, आणि दिला तर तो कोणाकडे जातो?

स्पेस इन्व्हेडर्स (१९७८). तोमोहिरो निशिकादो यांनी शत्रूंचे आकार ऑक्टोपस, माकूळ आणि खेकडा यांवरून घेतले. माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ नको, हा विचार त्यामागे होता. हे शत्रू एका रांगेत, एका तालात खाली सरकतात. कोणा एकाला स्वतःचा हेतू नाही. रूपाचा थोडा भास असला तरी ही पात्रे मानवसदृश नाहीत.

पॅक-मॅन (१९८०). तोरू इवातानी यांच्या या गेममधली चार भुते आकाराने सारखी, फक्त रंग वेगळे. फरक आहे तो नियमांत. लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या पुढच्या जागेवर नेम धरते, म्हणून ते वाट अडवते असे वाटते. निळसर भुताची चाल लाल भूत कुठे आहे यावरही ठरते, म्हणून ते लहरी भासते. नारिंगी भूत जवळ आले की मागे फिरते. जपानी आवृत्तीतली त्यांची नावेही पाठलाग, दबा धरणे, लहरीपणा आणि वेड पांघरणे अशा स्वभावांवरून आहेत. काही ओळींच्या गणितातून चार स्वभाव उभे राहिले आणि खेळणारा ‘गुलाबीने डाव साधला’ असे म्हणू लागला. चेहरा आणि वाचा नसतानाही ही पात्रे मानवसदृश ठरतात. उलट खुद्द पॅक-मॅनला पडद्यावर स्वतःचा स्वभाव जवळजवळ नाहीच. त्याची इच्छा म्हणजे खेळणाऱ्याची इच्छा.

सॉनिक (१९९१). याचे बूट आणि हातमोजे सर्वांना दिसतात, पण त्याचे मानवपण एका छोट्या ॲनिमेशनमध्ये आहे. खेळणाऱ्याने काही वेळ बटण दाबले नाही तर सॉनिक बाहेर बघतो आणि अधीरपणे पाय आपटतो. सूत्र सैल सोडताच बाहुली सूत्रधाराला दोष देते. छायाखेळाच्या पडद्यावर हे सहसा घडत नाही.

थॉमस वॉज अलोन (२०१२). माइक बिथेल यांच्या या गेममधली पात्रे म्हणजे रंगीत आयत. निवेदकाचा आवाज त्यांची भीती, मत्सर, मैत्री सांगतो आणि खेळणारा ती मानतो. यात नवल नाही. १९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ हलताना दाखवणारी छोटी फिल्म विद्यार्थिनींना दाखवली होती. काय दिसले ते लिहा म्हटल्यावर ३४ जणींपैकी एकीनेच निव्वळ भूमितीच्या भाषेत वर्णन केले. बाकीच्यांनी त्या आकृतींना सजीव मानले आणि बहुतेकींनी त्यांत भांडण, पाठलाग, सुटका असे काही ना काही पाहिले.

अनटायटल्ड गूज गेम (२०१९). इथले हंसवर्गीय बदक शरीराने पूर्ण पक्षी आहे, आवाजही पक्ष्याचाच. पण खेळणाऱ्याच्या हाती खोड्यांची यादी असते. गावकरी चिडतात ते बदकावर, योजना असते आपली. इसापचा कोल्हा वाचेमुळे माणूस होतो, हे बदक हेतूमुळे.

या उदाहरणांवरून दिसते की गेमच्या माध्यमात मानवसदृशता चित्रात कमी आणि नियमांत जास्त असते. चित्रकार जे काढतो त्याइतकेच प्रोग्रामर जे लिहितो त्यावर पात्राचे मानवपण ठरते.

७. वाद कुठे होतो

ही चर्चा केवळ वर्गवारीपुरती नाही, हे २००९ साली दिसून आले. हैदराबादच्या ऑरोना कंपनीने तयार केलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा गेम प्लेस्टेशन २ साठी भारतात आला. अमेरिकेतील एका हिंदू संघटनेच्या अध्यक्षांनी त्यावर आक्षेप घेतला. ज्या देवाची पूजा होते त्याला खेळणाऱ्याने जॉयस्टिकने हलवावे, हे त्यांना अवमानकारक वाटले.

एका बाजूने पाहिले तर हनुमानाला बोटांनी हलवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि ती भक्तीच्या विरुद्ध कधी मानली गेली नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर बाहुलीवाला खेळाआधी पूजा करतो, मेलट्टूरचा नट उपवास करतो. सूत्र हातात घेण्याआधी काही जबाबदारी अंगावर घ्यावी लागते. खेळणाऱ्याकडून गेम तशी कोणतीही जबाबदारी मागत नाही. गेममध्ये हनुमान हरला तर तो दोष कोणाचा? आक्षेपाच्या मुळाशी हा प्रश्न होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या गेमची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यात खेळणारा देवाला हलवत नाही. तो राजी नावाच्या मुलीला हलवतो. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. आणि मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखवले आहेत. दोष-श्रेय खेळणाऱ्याच्या मुलीकडे, निवेदन देवांकडे, अशी खाती इथे नीट वेगळी ठेवलेली आहेत.

हीच कसोटी गेमच्या बाहेरही लागते. आज माणसासारखे बोलणारे सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. ते बोलते म्हणून त्याला पात्र मानायचे, की पैठणच्या रेड्यासारखे मानून बोलवणाऱ्याला विचारायचे? चुकीचा सल्ला दिला तर दोष कोणाच्या खात्यावर टाकायचा, याचे उत्तर चेहरा किंवा आवाज पाहून मिळणार नाही.

८. सारांश

मानवसदृश पात्र ठरवताना रूप, वाचा आणि वागणे या तिन्ही गोष्टी उपयोगी आहेत, पण त्यांतले रूप आणि वाचा एकट्याने पुरत नाहीत. ल ब्रँची चित्रे रूपाची मर्यादा दाखवतात. इसापचा कोल्हा आणि पैठणचा रेडा एकत्र पाहिले की वाचेची मर्यादा कळते. नरसिंह सांगतो की दोन रकान्यांची वर्गवारी पुरत नाही. छायाबाहुली सांगते की हलवणारा दुसरा असूनही पात्र स्वतंत्र राहू शकते. म्हणून कामचलाऊ व्याख्या अशी करता येईल: ज्या अमानवी आकृतीच्या कृतीचे श्रेय किंवा दोष आपण, खेळापुरते का होईना, तिच्या स्वतःच्या खात्यावर टाकतो, ते मानवसदृश पात्र.

स्वाध्याय

१. बुद्धिबळातला घोडा हे मानवसदृश पात्र आहे का? वरील व्याख्या लावून कारणे द्या.
२. तुम्ही खेळलेल्या एका गेममधील अमानवी पात्र निवडा. त्याचे मानवपण चित्रातून किती आणि नियमांतून किती येते, ते उदाहरणांसह लिहा.
३. आपल्या भागातील एखादा मुखवटा, सोंग किंवा बाहुली प्रत्यक्ष पाहून तिच्या सूत्रधाराला खेळाआधी कोणते नियम पाळावे लागतात, याची नोंद करा.
४. चार शत्रू-पात्रांसाठी, आकार सारखाच ठेवून, केवळ हालचालीच्या नियमांतून चार वेगळे स्वभाव निर्माण होतील असे नियम प्रत्येकी दोन वाक्यांत मांडा.